चेंडू बाहेरच होता

ल्युसियाँ बार्देल जन्मभर हरत आले, हे मी म्हणत नाही. ओळख करून देताना ते स्वतःच तसं सांगत. "मी सतरा वर्षं व्यावसायिक टेनिस खेळलो. बहुतेक वेळा हरलो," असं म्हणून ते हात पुढे करत, आणि समोरच्याला काय बोलावं ते सुचत नसे. आपल्याकडे ओळखीची ही रीत नाही. आपला माणूस तालुक्याला कॅरमची एक फेरी खेळून आला असला तरी परदेशात पोचेपर्यंत तो राष्ट्रीय खेळाडू झालेला असतो. बार्देलसर मात्र खरोखरीचे खेळाडू असूनही स्वतःला कमी करत करत पार तळाला नेऊन ठेवत, आणि त्यात त्यांना नम्रतेचा अभिनय करायचा नसे. ते नुसती माहिती देत असत.

सौदीत अल-खोबरला आमच्या कंत्राटदार कंपनीचं कंपाउंड आहे. भिंतीच्या आत अडीचशे फ्लॅट, एक पोहण्याचा तलाव, एक किराणा दुकान, दोन टेनिस कोर्ट आणि एक दवाखाना. दवाखान्यातला डॉक्टर मी. मूळचा साताऱ्याचा, आता इतकी वर्षं इथे काढली आहेत की साताऱ्याला गेलो की उकडत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं. कंपाउंडमध्ये मराठी माणसं भरपूर, कारण कंपनीचे जनरल मॅनेजर केतकरसाहेब मराठी. केतकरसाहेबांना टेनिसची आवड, म्हणून कंपाउंडला टेनिसची आवड. त्यांना उद्या पतंगाची आवड लागली असती तर आम्ही सगळे गच्चीवर दिसलो असतो.

बार्देलसरांना इथे आणलं तेही केतकरसाहेबांनीच. शेजारच्या कंपाउंडने एक स्पॅनिश प्रशिक्षक ठेवला होता, त्यामुळे आमच्याकडे फ्रेंच असणं भाग होतं. साठीला आलेला, उंच, उन्हाने रापून विटेच्या रंगाचा झालेला एक माणूस दोन बॅगा आणि आठ रॅकेटी घेऊन दम्मामच्या विमानतळावर उतरला. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सचिव नाईक त्याला आणायला गेले होते. परत आल्यावर ते मला म्हणाले, "डॉक्टर, माणूस भारी वाटतो. फक्त गाडीत मी विचारलं, जागतिक क्रमवारीत किती होतात, तर म्हणाला, पहिल्या शंभरात कधीच नव्हतो. असं कुणी सांगतं का हो?"

पहिली अडचण आली इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची. परदेशी माणसाला इथे राहायचं तर इकामा हवा, आणि इकाम्यावर व्यवसाय लिहिलेला हवा. कंपनीच्या वाट्याला त्या साली जे व्यवसाय शिल्लक होते त्यात टेनिस प्रशिक्षक नव्हता. माळी होता. ऑफिसने बार्देलसरांना माळी करून टाकलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे एक संगणक इंजिनियर कागदोपत्री सुतार आहेत आणि सुखात आहेत. बार्देलसर मात्र तो कागद घेऊन तीन वेळा ऑफिसात गेले. "मी माळी नाही," ते म्हणत. ऑफिसातले म्हणत, "सर, खलास. झालं आता. कोण बघतंय?" चौथ्या वेळी ते गेले नाहीत. त्यांनी बाजारातून एक झारी आणि बोगनवेलीची सहा रोपं आणली, ती कोर्टाच्या कुंपणालगत लावली, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी पावणेसहाला ते झाडांना पाणी घालू लागले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कागद बदलत नाही. मग मी बदलतो. आता मी थोडा तरी माळी आहे." पुढे खोबर-दम्माम रस्त्यावर एका पोलिसाने त्यांचा इकामा पाहून हसत विचारलं, तुम्ही माळी? तर त्यांनी मोबाईलवर बोगनवेलीचे फोटो दाखवले म्हणे.

शिकवण्याची पद्धत तर त्याहून विचित्र. पहिल्या दिवशी आम्ही बारा जण पांढरे कपडे, नव्या रॅकेटी, कपाळावर पट्टे असा थाट करून गेलो. त्यांनी रॅकेटी कुंपणाला टेकवून ठेवायला सांगितल्या. मग आम्हाला एकेक करून मागच्या रेषेवर उभं केलं आणि स्वतः पलीकडून चेंडू मारू लागले. आम्ही फक्त सांगायचं, चेंडू आत की बाहेर. असा एक पूर्ण आठवडा. नाईक वैतागले. एक चेंडू वीतभर बाहेर पडला तेव्हा ते म्हणाले, "जवळजवळ आत." बार्देलसर जाळीपर्यंत चालत आले. "नाईक, जवळजवळ ही जागा या कोर्टावर कुठे आहे, मला दाखवा." नाईक हसून म्हणाले, "सर, ॲडजस्ट करायचं थोडं." हा शब्द बार्देलसरांनी वहीत लिहून घेतला. त्यांची एक छोटी निळी वही होती, तिच्यात ते आमच्याकडून ऐकलेले शब्द लिहीत. ॲडजस्ट, चालेल, बघू, पुढच्या आठवड्यात. या सगळ्यांसमोर त्यांनी एकच अर्थ लिहिला होता, आणि तो होता 'नाही'.

त्यांच्या कारकिर्दीबद्दल ते आपणहून बोलत नसत, पण विचारलं तर लपवतही नसत. गावोगावच्या लहान स्पर्धा, रात्रीच्या आगगाड्या, स्वस्त खोल्या, खोलीतल्या बेसिनमध्ये धुतलेले मोजे. रॅकेटला तारा भरायला परवडत नसे म्हणून ते स्वतः शिकले आणि मग पुढची दहा वर्षं दुसऱ्यांच्या रॅकेटी भरून प्रवासाचा खर्च काढला. ज्यांच्या रॅकेटी त्यांनी भरल्या त्यांतले दोघे-तिघे पुढे फार मोठे झाले. त्यांची नावं मात्र त्यांनी कधी घेतली नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मी त्यांना ओळखतो. ते मला ओळखतात की नाही, मला माहीत नाही. मग नाव कशाला सांगू?" मी स्वतः एका क्रिकेटपटूशी लिफ्टमध्ये दोन मजले बोललो होतो आणि त्यावर पाच वर्षं पार्ट्या गाजवल्या होत्या.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्याकडून नाही, परकारचाचांकडून कळली. परकारचाचा रत्नागिरीकडचे, खोबरच्या जुन्या बाजारात त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान. बार्देलसर आठवड्यातून एकदा तिथे जाऊन तारा भरायचं यंत्र वापरत आणि बदल्यात चाचांच्या गिऱ्हाइकांच्या रॅकेटी भरून देत. चाचा मला म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या ह्या फ्रेंचाची गंमत आयकलात काय? एकदा ह्यो शंभराच्या आत जानार होता. एक म्याच जिकली की झाला. शेवटच्या पॉइंटाला दुसऱ्याचा बॉल लायनीवर पडला. पंच म्हनला बाहेर, तू जिकलास. तर ह्यो काय म्हनतो, नाय, बॉल आत होता. पॉइंट त्याला द्या. मंग काय, हरला. म्या म्हटलं, अरे बाबा, तुला कोनी इचारला होता?" चाचांनी कपाळाला हात लावला. "ह्यो मानूस धंद्यात असता तर आठ दिवसांत दुकान बंद. पन गिऱ्हाइकं रडली असती हो त्याच्यासाठी."

पुढच्या भेटीत मी बार्देलसरांना विचारलं, त्या दिवसाचा पश्चात्ताप होतो का? मला वाटलं, ते काहीतरी उदात्त बोलतील. ते म्हणाले, "हो. खूप. आजसुद्धा." त्यांनी रॅकेट उचलली. "पण चेंडू आतच होता."

मंडळाने स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार ठेवला तो प्रसंग आम्ही विसरणं शक्य नाही. शाल, नारळ, पुष्पगुच्छ आणि मुख्य म्हणजे नाईकांचं परिचयाचं भाषण. नाईकांचा परिचय म्हणजे काय असतं हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी एकदा माझी ओळख करून देताना मला हृदयरोगतज्ज्ञ केलं होतं, आणि पुढचे सहा महिने माणसं मला छातीत दुखलं की गाठत होती. त्या दिवशी नाईक रंगात आले. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेचे उपविजेते, फ्रेंच संघाचे कर्णधार, जगातल्या पहिल्या वीस खेळाडूंपैकी एक. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत केतकरसाहेब प्रसन्न होऊन बसले होते, कारण वीसपैकी एक आपल्या पगारावर असणं ही कुणाच्याही दृष्टीने चांगली गोष्ट होती. बार्देलसर शेजारच्याकडून भाषणाचा अर्थ समजावून घेत होते. मग ते अंगावर शाल, हातात नारळ अशा थाटात माईकपाशी गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "नाईक यांचे आभार. हा माणूस फार चांगला वाटतो. मला त्याला भेटायला आवडेल. मी पॅरिसच्या स्पर्धेत पात्रता फेरीत तीनदा खेळलो, तीनदा हरलो. मी कर्णधार नव्हतो, मला संघात कुणी घेतलं नाही. धन्यवाद. हा नारळ कसा फोडायचा हे कुणीतरी मला नंतर सांगा."

केतकरसाहेब हसले. मोठ्या माणसांचं एक हसणं असतं, ज्यात दात दिसतात आणि बाकी काही हलत नाही, तसं हसले.

इथे आमच्या कंपाउंडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. हौशी टेनिसमध्ये पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे सांगायचं. केतकरसाहेबांचा चेंडू आमच्याकडे कधीही बाहेर पडत नसे. तो कुंपणाला जाऊन लागला तरी समोरचा माणूस अंगठा वर करून म्हणे, "वा साहेब, रेषेवर!" कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. नव्याने आलेला इंजिनियर दोन दिवस पाहायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याचेही डोळे तयार व्हायचे. वार्षिक स्पर्धा साहेब सलग सहा वर्षं जिंकत होते. हरणारे इतके तत्पर की साहेबांना डाव्या बाजूचा फटका शिकायची कधी गरजच पडली नाही. मीही त्यात होतो. साहेबांशी एकदा उपांत्य फेरीत हरल्यावर मी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं की आज साहेब काय खेळले, आणि ते सांगताना माझा माझ्यावर विश्वासही बसला होता.

बार्देलसर पहिल्याच मैत्रीपूर्ण सामन्यात साहेबांना चार वेळा 'आऊट' म्हणाले. चौथ्यांदा साहेबांनी विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की. पण फटका चांगला होता." नाईकांनी त्यांना नंतर बाजूला घेऊन रीत समजावली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे साहेबांना टेनिस येत नाही, हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही? बिचारे."

गेल्या हिवाळ्यात ते गुडघा दाखवायला दवाखान्यात आले. दोन्ही गुडघे झिजले होते. शिडी-जिना टाळा, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मग पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी बोलले. मार्चमध्ये त्यांचा करार संपत होता. नवीन करारावर सही केतकरसाहेबांची. "मला अजून एक वर्ष हवंय, डॉक्टर. फक्त एक." मुलगी कॅनडात. बायको वेगळी होऊन बरीच वर्षं झाली. गावात ज्या क्लबवर ते खेळायला शिकले तिथे आता मोटारी उभ्या राहतात. "तिथे मी म्हातारा माणूस आहे. इथे सकाळी सहाला कोर्टावर कोणीतरी माझी वाट बघत असतं." मी म्हटलं, "मग साहेबांशी जरा ॲडजस्ट करा ना. एवढंच." त्यांनी वही काढली नाही. हा शब्द त्यांच्याकडे आधीच होता.

त्या कोणीतरी वाट बघणाऱ्यांत माझी बायको मेधा होती. ती दम्मामच्या भारतीय शाळेत गणित शिकवते. एकोणपन्नासाव्या वर्षी तिने रॅकेट हातात धरली, आणि बार्देलसरांनी तिला धरून ठेवलं. फेब्रुवारीच्या स्पर्धेत तिने नाव घातलं. प्रवेशिका कमी म्हणून बायका-पुरुष एकाच यादीत टाकले होते. उपांत्य सामन्यात तिने नाईकांना हरवलं. दुसऱ्या बाजूने साहेब नेहमीप्रमाणे अलगद वर आले होते. अंतिम सामना केतकरसाहेब विरुद्ध मेधा, पंच बार्देलसर.

घरात मी विषय काढला. "मेधा, उद्या जरा..." तिने वर पाहिलं. "जरा काय?" मी म्हटलं, "सरांच्या कराराचं आहे. साहेब खूश असले तर सरांचंच भलं." हे खोटं नव्हतं, पण त्यात माझं भलंही होतं, कारण दवाखान्याचा करारही साहेबच करत. ती म्हणाली, "सरांना विचारलं मी. म्हणाले, करार मी हरलो तर चालेल, तू मुद्दाम हरलीस तर मी परत शिकवणार नाही." सोळा वर्षांची आमची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "गो आई."

आदल्या दिवशी धुळीचं वादळ झालं होतं. सकाळी कामगारांनी कोर्ट झाडलं, तरी निळ्या सिमेंटवर पिठासारखा पातळ थर राहिला होता. पंचाला उंच खुर्ची हवी म्हणून तलावावरच्या जीवरक्षकाची खुर्ची आणून ठेवली होती. बार्देलसर सहा पायऱ्या चढून वर बसले तेव्हा मला त्यांच्या गुडघ्यांचं वाईट वाटलं. रेषा बघायला माणसं लागतात. मेधाच्या बाजूची मागची रेषा नाईकांनी मला दिली. "तुम्ही नवराच तिथे उभे असलात, म्हणजे साहेबांचा चेंडू आत दिला तरी कुणी बोट दाखवणार नाही," ते म्हणाले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि मी जाऊन उभा राहिलो.

एकाच सेटचा सामना होता. साहेबांना सहा वर्षांत प्रथमच धावावं लागत होतं. मेधा शाळेत फळ्यावर गणित मांडते तशी शांतपणे सगळे चेंडू त्यांच्या डाव्या बाजूला टाकत होती. पाच-पाच झाले, मग सहा-पाच. मेधा पुढे, आणि तिला सामना जिंकायला एक गुण हवा. कंपाउंड खुर्च्यांवर पुढे सरकून बसलं होतं. तिची सर्व्हिस, साहेबांचा जीव तोडून मारलेला परतीचा फटका. मेधाने चेंडू सोडून दिला, कारण तो बाहेर जात होता. तो माझ्यासमोर पडला. रेषेच्या पलीकडे, चार बोटं बाहेर.

मी दोन्ही तळवे खाली धरून दाखवलं: आत.

का, ते मला सांगता येत नाही. ठरवून नाही केलं. हात आपोआप गेले, सहा वर्षांची सवय होती. माझ्या बायकोविरुद्ध आणि माझ्या डोळ्यांविरुद्ध मी 'आत' म्हणालो, आणि मेधाने माझ्याकडे पाहिलं तसं तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

वरून आवाज आला, "आऊट."

साहेब जाळीपाशी आले. "डॉक्टर रेषेवर उभे आहेत. त्यांना काय दिसलं?" सगळं कंपाउंड माझ्याकडे पाहत होतं. मी म्हणालो, "साहेब, मला... रेषेवर वाटला." नाईक लगेच उठले. "सर, गुण परत खेळू या. ॲडजस्ट करू. दोघांचंही समाधान." मला सुटल्यासारखं वाटलं. किती सोपं होतं. बार्देलसरांनी 'ठीक' म्हटलं असतं तर करार, कोर्ट, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनाही.

ते खाली उतरू लागले. एक पायरी, मग थांबून दुसरी. लाल मातीच्या कोर्टांवर पंच असाच उतरून येतो आणि चेंडूचा मातीतला ठसा बघतो, हे आम्हाला त्यांनीच कधी तरी सांगितलं होतं. सिमेंटवर ठसा उमटत नाही, पण त्या दिवशी धूळ होती. ते माझ्या शेजारी आले, माझ्याकडे पाहिलं नाही, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि धुळीतल्या त्या लंबगोल ठशाभोवती बोटाने एक गोल काढला. मग रेषा आणि ठसा यांच्यामध्ये त्यांनी आपली चार बोटं ठेवली. बोटं मावली, वर जागा उरली.

"मादाम मेधा जिंकल्या," ते उभे राहून म्हणाले. टाळ्या वाजल्या, पण त्या आमच्या मुलीच्या आणि सामना बघायला आलेल्या परकारचाचांच्या. बाकीचे साहेबांकडे पाहत होते.

घरी मेधा तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी 'डॉक्टर, तुम्ही' अशी सुरुवात केली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "डॉक्टर, तुम्ही मला हरवायला निघाला होतात, त्याचं मला काही नाही. पण तो माणूस त्या गुडघ्यांनी खाली उतरला. तुम्ही खरं बोलला असतात तर त्याला उतरावं लागलं नसतं." मी म्हटलं, बाहेर होता, मला दिसलं होतं. मुलगी आतल्या खोलीतून म्हणाली, "बाबा, इट वॉज सो आऊट."

दोन आठवड्यांनी सूचना लागली. रहिवाशांच्या वाढत्या मागणीनुसार टेनिसची दोन्ही कोर्टं काढून तिथे पॅडलची कोर्टं होणार. पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत खेळायचं छोटं टेनिस, सध्या इथे जिथे तिथे निघालं आहे. मागणी कुणी केली ते कळलं नाही, पण सूचना लागली त्या संध्याकाळपर्यंत आमच्यातल्या पुष्कळांना आपण ती केली होती असं आठवू लागलं होतं. टेनिस प्रशिक्षकाच्या कराराचं नूतनीकरण नाही.

सोडून जाणाऱ्या माणसाला इथे एक फॉर्म घेऊन प्रत्येक विभागाची सही घेत फिरावं लागतं. भांडार, कॅन्टीन, वाचनालय, आणि शेवटी दवाखाना. बार्देलसर निघायच्या दिवशी अकरा वाजता माझ्यासमोर येऊन बसले. दोनला गाडी होती. सही करायला पेन उचलला आणि मला ती करवेना.

"सर, तो चेंडू बाहेर होता. मी पाहिला होता."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "हात दाखवायच्या आधी तुम्ही केतकरांकडे पाहिलंत. रेषेवरचा माणूस चेंडूकडे बघतो."

"मग तेव्हाच सगळ्यांसमोर का नाही बोललात?"

"मी चेंडूचा पंच होतो. तुमचा नव्हतो." ते थोडे हसले. "पण हे मला कशाला सांगता, डॉक्टर? मेधांना सांगितलंत?"

"हो."

"आणि केतकरांना?"

मी सही केली. ते फॉर्म घेऊन गेले. मी वीस मिनिटं तसाच बसलो, मग पेशंटला थांबायला सांगून साहेबांच्या ऑफिसात गेलो. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "साहेब, फायनलचा तो चेंडू बाहेर होता. मी खोटं बोललो. बार्देल बरोबर होते. त्यांचा करार..."

साहेबांनी चष्मा काढला. रागावले नाहीत. "डॉक्टर, मलाही माहीत होतं की. मारला तेव्हाच हाताला कळलं, लांब गेला म्हणून."

"मग?"

"मग काय? तुम्ही आत म्हणालात, नाईक परत खेळा म्हणाले. सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्या माणसाला खाली उतरून गोल काढायची काय गरज होती?" ते खरोखरच विचारत होते, त्यांना उत्तर हवं होतं. "आता काचा मागवल्यात. खलास. आणि हे बघा, तुमच्या वार्षिक शेऱ्यात मी काय लिहिलंय. विश्वासू. आता कशाला उगाच?"

मी दोन वाजता गेटपाशी गेलो. बार्देलसर कंपनीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, रॅकेटी मांडीवर. मेधा शाळेतून येऊ शकली नव्हती. तिने सकाळीच त्यांना भेटून घेतलं होतं आणि ती काय बोलली हे मला अजून सांगितलेलं नाही. मी खिडकीपाशी वाकलो. "सांगितलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उशिरा," ते म्हणाले. "पण बरोबर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला लक्षात राहावेत असे दोनच शेरे मिळाले, आणि दोन्ही त्या एकाच दुपारी मिळाले. त्यातला कुठला जपून ठेवायचा हे मला ठरवावं लागलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला, चला सर, फ्लाइट." गाडी हलली. पहारेकऱ्याने कागद पाहिले, दांडा वर झाला आणि गाडी दम्मामच्या रस्त्याला लागली. बार्देलसरांनी वळून पाहिलं आणि हात हलवला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.